वार्षिक आरोग्य तपासणीत पोटाचा घेर मोजा : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखाने व आयटी कंपन्यांची व्यवस्थापने, मनुष्यबळ विभाग, कंपनी डॉक्टर आणि त्यांच्यासाठी तपासण्यांची पॅकेजे तयार करणाऱ्या प्रयोगशाळा यांस

विषय : कर्मचाऱ्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत पोटाच्या घेराचे मोजमाप समाविष्ट करण्याबाबत

सन्माननीय महोदय/महोदया,

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करून देणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची दर बारा महिन्यांनी तपासणी करण्याची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये होतीच; आता हे वर्तुळ पुष्कळ मोठे झाले आहे. दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, शिरवणे या पट्ट्यातल्या अनेक कंपन्या यंदा प्रयोगशाळांशी नव्याने करार करतील, पॅकेजमध्ये काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे ठरवतील. या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे आणि हा निर्णय होण्याच्या आधी आपल्यापुढे एक मागणी ठेवते आहे. उंची, वजन आणि रक्तदाब यांच्या शेजारी पोटाच्या घेराचा रकाना असावा, तो घेर नीट मोजला जावा आणि आलेला आकडा त्या माणसाच्या उंचीशी ताडून वाचला जावा.

सध्या होते ते असे. कर्मचारी वजनकाट्यावर उभा राहतो, उंची घेतली जाते, दोन्हींवरून बीएमआय काढला जातो आणि अहवालावर ‘नॉर्मल’ हा शिक्का बसला की तो माणूस आणि त्याचे व्यवस्थापक दोघेही निश्चिंत होतात. महाप्यातल्या एका कंपनीतले एक गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वय एकेचाळीस, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय २२.७; भारतीयांसाठी ठरवलेली २३ ची कडक मर्यादा लावली तरी त्यात बसणारा. हातपाय बारीक, चेहरा उतरलेला नाही, सिगारेट नाही. पण शर्टाची खालची दोन बटणे ताणलेली आणि पट्टा पोटाच्या खाली बांधलेला. घेर भरला ९३ सेंटिमीटर. डॉक्टरांनी त्यावरून पुढच्या तपासण्या करायला सांगितल्या, तेव्हा रक्तदाब १३४/८६, उपाशीपोटी साखर १०४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२ आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ३६ निघाले. यातला कोणताही एक आकडा घेऊन ते कुठल्याही दवाखान्यात गेले असते, तर ‘थोडेसे कमी-जास्त आहे, पुढच्या वर्षी पाहू’ असेच उत्तर मिळाले असते. घेरासह पाचही एकत्र असल्याने त्यांची परिस्थिती वेगळी होती, आणि ती वेगळी आहे हे सर्वांत आधी साध्या टेपने दाखवले.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे नेमके हेच. हा एखादा स्वतंत्र आजार नाही; एकाच मुळातून येणाऱ्या आणि म्हणून एकाच माणसात एकत्र सापडणाऱ्या बिघाडांचा हा संच आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००९ साली एकत्र येऊन जी व्याख्या मान्य केली, तिच्यानुसार पाचांपैकी कोणतेही तीन निकष जुळले की हा सिंड्रोम आहे असे म्हणतात : वाढलेला पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. यांपैकी एखाद्या गोष्टीवर औषध चालू असेल, तर आकडा आटोक्यात असला तरी तो निकष जुळला असेच धरतात. असे तीन-चार किरकोळ वाटणारे बिघाड एकत्र आलेल्या माणसाला पुढे मधुमेह होण्याची आणि हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत, वेगळ्या मर्यादेशी ताडून छापतो. पाच ओळींची बेरीज करणारे त्यात कोणी नसते, आणि पाचांतला पहिला निकष तर मोजलेलाच नसतो.

पोटाच्या घेराला एवढे महत्त्व का, हे व्यवस्थापनांना समजावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. शरीरातली सगळी चरबी सारखी वागत नाही. मार्सेय येथील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच दाखवून दिले होते की मांड्या-नितंबांवर चरबी साठणाऱ्यांपेक्षा धडाच्या वरच्या भागात साठणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक होतात. कातडीखाली साठणारी चरबी बहुतांशी निरुपद्रवी साठा म्हणून पडून राहते. ती जागा अपुरी पडली की उरलेली चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. आतड्यांभोवतीच्या या चरबीतून सुटणारी मेदाम्ले प्रवेशिनी शिरेतून थेट यकृतात पोचतात. यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होते, नको तेव्हा साखर रक्तात सोडत राहते आणि ट्रायग्लिसराइडही अधिक तयार करते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षे हे निभावून नेते, त्यामुळे साखरेचा अहवाल चांगला येत राहतो. घेर वाढणे आणि साखर वाढणे यांच्यामध्ये अशी जी काही वर्षे असतात, तीच आपल्या हातातली वर्षे आहेत. वार्षिक तपासणीचा खरा उपयोग त्या काळातच आहे.

बीएमआयला हे दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून तो निघालेलाही नव्हता. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी वजन आणि उंचीच्या वर्गाचे गुणोत्तर मांडले ते ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधताना. अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ मध्ये दिले. मोठ्या लोकसंख्येची तुलना करायला तो आजही उपयोगी आहे. समोर उभ्या असलेल्या एका माणसाच्या पोटात किती चरबी आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत तर तो अधिकच फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. भारतीय माणूस अंगाने बारीक दिसूनही आतून चरबीदार असू शकतो आणि याची सुरुवात जन्माआधीपासून होऊ शकते, हे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले आहे. महाराष्ट्रात झालेले हे काम जगभर उद्धृत केले जाते. ते आपल्याच कंपन्यांच्या तपासणीच्या कागदावर उतरू नये याचे मला मनापासून वाईट वाटते.

नवी मुंबईत तर बीएमआयच्या दोन्ही बाजूंच्या चुका काही किलोमीटरच्या अंतरात पाहायला मिळतात. वाशीच्या घाऊक बाजारात पोती वाहणारा एखादा माथाडी कामगार घ्या : उंची १६५, वजन ७४, बीएमआय २७.२. पॅकेजच्या अहवालात तो ‘लठ्ठ’ ठरतो आणि त्याला वजन कमी करायचा सल्ला मिळतो. त्याचा घेर मोजला तर ८१ सेंटिमीटर भरतो, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून कमी. त्याचे वजन खांद्यांत, पाठीत आणि मांड्यांत आहे. ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळीत नऊ-दहा तास खुर्चीत बसणारी, एकीकडे कॉल घेत दुसऱ्या हाताने वडापाव संपवणारी तिशीतली मुले त्याच्या उलट. वजन बेताचे, पोट पुढे आलेले, आणि अहवालावर ‘नॉर्मल’. पाळ्यांमध्ये, विशेषतः रात्री, काम करणाऱ्यांत मेटाबॉलिक सिंड्रोमचे प्रमाण अधिक असल्याचे देशोदेशीच्या अभ्यासांत दिसले आहे. एकाला विनाकारण घाबरवायचे आणि दुसऱ्याला विनाकारण निर्धास्त करायचे, हे तपासणीने करू नये.

आता मर्यादा कोणती धरायची. २००१ च्या अमेरिकी निकषांत पुरुषांसाठी १०२ आणि स्त्रियांसाठी ८८ सेंटिमीटर हे आकडे होते, आणि ते अजूनही काही छापील तक्त्यांत जसेच्या तसे उतरवलेले दिसतात. दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० ही मर्यादा २००५ पासून मान्य आहे. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीत तर पुरुषांना ७८ आणि स्त्रियांना ७२ सेंटिमीटरपाशीच सावध व्हायला सांगितले आहे. तेव्हा आपल्या प्रयोगशाळेच्या तक्त्यात १०२ आणि ८८ असेल, तर तो तक्ता आपल्या कामगारांसाठी नाही, एवढे तरी कृपया करारापूर्वी तपासून पाहावे.

माझा आग्रह मात्र याच्याही पुढचा आहे. प्रत्येकाला एकच मर्यादा लावण्याऐवजी घेराला उंचीने भागावे आणि उत्तर ०.५ च्या आत आहे का ते पाहावे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०२२ मध्ये हेच गुणोत्तर स्वीकारले : ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ जोखीम वाढलेली, ०.६ आणि पुढे जास्त जोखीम. भारतीय तज्ज्ञांनी २०२५ मध्ये लठ्ठपणाची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यांनीही पोटाचा घेर आणि हे गुणोत्तर विचारात घेतले. त्याचा फायदा कोणाला होतो ते पाहा. आपल्याकडच्या पॅकिंग विभागातल्या किंवा हाउसकीपिंगच्या कितीतरी बायकांची उंची दीडशे सेंटिमीटरच्या आसपास असते. अशा बाईचा घेर ७९ असेल तर ८० च्या नियमाने ती सुटते. तिच्या उंचीचे निम्मे मात्र ७५ होतात आणि तिचे गुणोत्तर ०.५३ येते. लहान चणीच्या बायका सरसकट मर्यादेखालून निसटतात, आणि त्यांच्याकडे एरवीही कोणाचे लक्ष नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने आपल्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, प्रथमच कंबर आणि नितंब मोजले तेव्हा पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचे पोट मर्यादेपेक्षा मोठे आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले; त्यात देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक बीएमआयने लठ्ठ होते, तर पोटाच्या घेराने ३९.५ टक्के. हा जो मधला अकरा टक्क्यांचा फरक आहे, ती माणसे आपल्या अहवालांत आज कुठेच दिसत नाहीत.

कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर का मागत नाही, असे कंपनी डॉक्टर विचारतील. बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा त्या गुणोत्तराचे नाते अधिक घट्ट असल्याचे दाखवले होते आणि त्याविषयी मला शंका नाही. पण कारखान्याच्या आरोग्य केंद्रात नितंबांचा घेर नीट घेणे अवघड जाते, लोक अवघडतात, आणि दोन मोजमापांत दोन चुका होतात. उंची आपण तशीही घेतोच. शिवाय घेर कमी झाला तर घेर आणि उंचीचे गुणोत्तर लगेच खाली येते, आणि उंचीच्या निम्मा हा हिशेब माणूस घरी एका दोरीने करू शकतो. पायाखाली आणि हातात धातूच्या पट्ट्या असलेल्या यंत्रावर उभे करून ‘व्हिसेरल फॅट’चा (पोटाच्या आतल्या चरबीचा) आकडा छापून देणाऱ्या शिबिरांवर खर्च करू नये, अशी माझी सूचना आहे. तो आकडा शरीरातल्या पाण्यावर आणि यंत्रात भरलेल्या सूत्रावर अवलंबून असतो. उन्हातून घामाघूम होऊन आलेला कामगार आणि एसीतून उठून आलेला इंजिनिअर यांची त्यावर तुलना करणे योग्य नाही.

मोजणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून तो सविस्तर लिहिते. टेप न ताणला जाणारा, फायबरग्लासचा घ्यावा. शिवणकामाचा कापडी टेप वापरून वापरून लांबतो आणि मग सगळ्यांचाच घेर कमी दाखवतो, त्यामुळे कोणताही टेप महिन्यातून एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहावा. पँटचा नंबर विचारून रकाना भरणे पूर्णपणे बंद करावे, कारण पट्टा पोटाच्या खाली सरकत जातो आणि पोट दहा सेंटिमीटरने वाढले तरी माणूस चौतीसच्याच पँटमध्ये राहतो. बेंबी ही खूण म्हणून धरू नये. पोट सुटले की ती खाली उतरते. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी आहे की कुशीत बोटांनी चाचपून शेवटच्या बरगडीची खालची कड शोधायची, कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा, दोन्हींच्या बरोबर मध्यावर पेनने बारीक खूण करायची आणि टेप त्या पातळीवर जमिनीला समांतर फिरवायचा. पाय जुळवलेले, हात बाजूला सोडलेले, टेप कातडीला टेकलेला पण न रुतणारा. मागच्या बाजूला टेप हमखास खाली घसरतो, तो सहकाऱ्याने पाहावा किंवा भिंतीवर आरसा लावावा.

टेप गुंडाळला की जवळजवळ प्रत्येक पुरुष पोट आत घेतो. ‘पोट सोडा’ म्हटले की तो अजून ताठ होतो. मी त्याला गावाचे नाव विचारते; उत्तर देताना श्वास आपोआप बाहेर जातो आणि त्या सहज उच्छ्वासाच्या शेवटी आकडा वाचायचा असतो. मोजमाप दोनदा घ्यावे. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक पडला तर पुन्हा घ्यावे, नाहीतर त्यांची सरासरी लिहावी. रक्त देण्यासाठी लोक सकाळी उपाशीपोटी येतातच. घेर तेव्हाच, लघवीला जाऊन आल्यावर घ्यावा. कॅन्टीनमध्ये जेवून आलेल्या माणसाचा घेर मोजून वर्षभराचा निष्कर्ष काढू नये. आणि जी जागा या वर्षी धरली तीच पुढच्या वर्षी धरावी, कारण जागा बदलली की दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि माणसाने वर्षभर केलेल्या मेहनतीवर पाणी फिरल्यासारखे दिसते.

बायकांचे मोजमाप बाईनेच, पडद्याआड, दार लावून घ्यावे. याला अपवाद नको. साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी जिथे असते, तिथेच नेमके टेपला जायचे असते. नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने तिथे खोल वळ पडलेला असतो आणि टेप त्या खाचेत बसला की घेर खोटा, कमी येतो. त्यामुळे नाडी सैल करून, वळ सोडून, बरगडी आणि हाड यांच्या मधली खूण शोधावी लागते, आणि त्यासाठी त्या बाईला दोन मिनिटांचा निवांतपणा द्यावा लागतो. रांगेत पन्नास जणी उभ्या आहेत म्हणून साडीवरूनच टेप गुंडाळला जातो हे मी पाहिले आहे. तसा घेतलेला आकडा लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा. गरोदर स्त्रियांचा आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांचा घेर या कामासाठी मोजू नये. पोटात पाणी झालेले, मोठा हर्निया असलेले, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांचाही नाही.

गुणोत्तर ०.५ किंवा अधिक आले म्हणजे माणूस आजारी ठरला असे नाही. पुढच्या चार गोष्टी नीट पाहायला हव्यात, एवढाच त्याचा अर्थ : पाच मिनिटे शांत बसवून घेतलेला रक्तदाब, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. या तपासण्यांवर कंपनीचे पैसे सर्वांसाठी सरसकट खर्च होत नसतील, तर ते आधी या माणसांसाठी खर्च व्हावेत. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक हाही याच्या सोबत जोडता येतो; त्यात वय, पोटाचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांना मधुमेह असणे या चारच गोष्टींवरून शंभरपैकी गुण दिले जातात, आणि ६० किंवा अधिक गुण आले तर जोखीम जास्त समजतात. सुई टोचावी लागत नाही, संगणक लागत नाही. उलट बाजूही सांगते : घेर मर्यादेत आहे म्हणून कोणाच्या साखरेची तपासणी वगळू नये. घरात मधुमेह असलेला सडपातळ माणूस टेपमधून निसटू शकतो.

वयाबद्दल आणि कोणाला मोजायचे याबद्दल माझा आग्रह अधिक आहे. कायदा चाळिशीपासून बोलतो. मधुमेह, रक्तदाब अशा असंसर्गजन्य आजारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील तपासणी तिशीपासून सुरू होते. पोट सुटायला सुरुवात त्याहूनही आधी, पहिली नोकरी आणि लग्न यांच्या आसपास होते. घेर मोजायला पैसे लागत नसल्याने तो रुजू होतानाच घ्यावा आणि दर वर्षी त्याच कागदावर पुढच्या रकान्यात लिहावा, म्हणजे सव्वीसाव्या वर्षी ७८ असलेला घेर बत्तिसाव्या वर्षी ८७ झाला हे डॉक्टरांना एका नजरेत दिसेल. एकट्या आकड्यापेक्षा ही चढण अधिक बोलते.

आणि कंत्राटी कामगारांना बाहेर ठेवू नका. बहुतेक पॅकेजांत कायम कर्मचारीच असतात. गेटवरचे सुरक्षारक्षक, कॅन्टीनमधली मुले, हाउसकीपिंगच्या बायका, फोर्कलिफ्ट चालवणारे, कंपनीच्या बसचे चालक यांची नावे कुठल्याच यादीत नसतात, किंवा ठेकेदाराने कुठून तरी आणलेल्या प्रमाणपत्रावर त्यांची बोळवण होते. याच बायकांच्या घरी, तुर्भे स्टोअर किंवा दिघ्याच्या वस्तीत, आशाताई जो सीबॅक फॉर्म (आजारांची जोखीम तपासण्याची सरकारी प्रश्नावली) घेऊन येतात त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे : बाईचा घेर ८० पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० एक, त्याहून जास्त दोन, पुरुषाला ९० आणि १०० या पायऱ्या. मानधनावर राबणारी आशाताई खांद्याला पिशवी अडकवून चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत जे मोजायचा प्रयत्न करते, ते वातानुकूलित आरोग्य केंद्र असलेल्या कंपनीने मोजू नये, याला मला कोणतेही समर्थन सापडत नाही.

एक भीती मात्र खरी आहे आणि ती कर्मचाऱ्यांनीच मला बोलून दाखवली आहे. हा आकडा मनुष्यबळ विभागाकडे गेला, त्यावरून कोणाला बढती नाकारली, कोणाचे कंत्राट वाढवले नाही, विम्याचा हप्ता वाढला, किंवा ‘वेलनेस’च्या नावाखाली विभागवार पोटांच्या स्पर्धा लागल्या, तर लोक टेपपासून पळतील आणि त्यांचे चुकणार नाही. घेर हा वैद्यकीय तपशील आहे. तो कर्मचारी, परिचारिका आणि डॉक्टर यांच्यातच राहावा. व्यवस्थापनाला हवी तर नावांशिवाय एकूण टक्केवारी द्यावी. मोजताना आकडा मोठ्याने ओरडून लिहून घेण्याची पद्धत बंद करावी. पोटावरून होणारी थट्टा आपल्याकडे सर्रास चालते, ती आरोग्य केंद्राच्या दारात थांबली पाहिजे.

मोजल्यानंतर कंपनीने काय करावे, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मी येथे थोडेच लिहिते. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांना आहार आणि चालण्याचा नियमित सल्ला दिल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि विशेष म्हणजे त्यांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडलेला नव्हता. म्हणून काट्याकडे पाहून निराश होणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. कॅन्टीनमध्ये पोळी-भाताच्या बरोबरीने उसळ आणि कोशिंबीर पोटभर मिळणे, दर खेपेला आपोआप साखर घातलेला चहा न येणे, रात्रपाळीच्या जेवणाची वेळ लवकर ठेवणे आणि जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे चालायला मोकळी, सावलीची वाट असणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. ज्यांचे आकडे जास्त आहेत त्यांना सहा महिन्यांनी पुन्हा बोलावण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र आधीच लेखी ठरलेले असावे; नाहीतर मोजमाप फाइलमध्येच राहते.

यासाठी आपल्याला मोठा खर्च नाही. प्रयोगशाळेच्या करारात पुढील मजकूर घालावा, अशी विनंती करते : प्रत्येक कायम व कंत्राटी कर्मचाऱ्याचा पोटाचा घेर, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने, न ताणल्या जाणाऱ्या टेपने, स्त्रियांचा स्त्री कर्मचाऱ्याकडून पडद्याआड, दोनदा मोजून सेंटिमीटरमध्ये नोंदवला जाईल, उंचीशी असलेले त्याचे गुणोत्तर अहवालाच्या पहिल्या पानावर बीएमआयच्या शेजारी छापले जाईल, गुणोत्तर ०.५ किंवा अधिक असल्यास रक्तदाब, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड व एचडीएल यांचे निष्कर्ष एकाच चौकटीत एकत्र दाखवले जातील आणि पाचांपैकी किती निकष जुळतात हे त्यात लिहिले जाईल. आणि हा अहवाल कर्मचारी, परिचारिका व कंपनी डॉक्टर यांच्याखेरीज कोणालाही दिला जाणार नाही. ज्या कंपन्यांच्या परिचारिकांना किंवा वॉर्डबॉयना मोजण्याची पद्धत शिकून घ्यायची असेल, त्यांना ती शिकवायला माझ्यासारख्या या पट्ट्यात काम करणाऱ्या परिचारिका कामाच्या वेळेनंतर आनंदाने येतील. त्यासाठी एक खोली, एक आरसा आणि अर्धी दुपार पुरे आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
औद्योगिक आरोग्य केंद्रातील एक परिचारिका,
कोपरखैरणे, नवी मुंबई